मदत हवी आहे: काम न होताच तक्रार 'निकाली', यावर उपाय काय?

नमस्कार मंडळी. खड्डे, बंद पथदिवे, तुंबलेली गटारं यांचे फोटो मोबाइलवरून थेट नकाशावर टाकता येतील अशी सोय आम्ही काही जण करतोय. कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये 'फिक्समायस्ट्रीट' हे संकेतस्थळ २००७ पासून हेच करतंय, त्याचा कोडही खुला आहे, म्हणजे कुणालाही वापरता येतो. त्यामुळे अ‍ॅप बनवणं हा मुद्दाच नाही.

अडतंय पुढे. तक्रार पोचते, आणि काम न होताच 'निकाली' असा शेरा पडतो. तक्रारदारानं दुजोरा दिल्याशिवाय ती बंद होऊच नये, असं माझं मत. पण प्रशासनाची यंत्रणा वेगळी, आमची वेगळी. मग दोन्हीकडची स्थिती शेजारी-शेजारी दाखवावी का? की त्यानं अधिकारी बिथरतील आणि आहे तो प्रतिसादही थांबेल?

साध्या फोनवाल्यांसाठी एसएमएस ठेवणारच आहोत, नाहीतर स्मार्टफोनवाल्या वस्त्यांचेच खड्डे बुजतील.

शिवाय तक्रारदाराच्या नावाचा पेच आहेच. गुप्त ठेवलं तर खोट्या तक्रारी, उघड केलं तर पुढाऱ्यांची भीती. फोटोतली लोकेशनची माहिती काढून टाकता येते, पण नकाशावरची खूणच कधीकधी घर दाखवते!

असं काही प्रत्यक्ष चालवलेलं कुणी आहे का इथे?