सोन्याचे नॅनोघन चौकोनी जाळीत का बसत नाहीत?

प्रश्न
सोन्याचे घन, कड साधारण ५० नॅनोमीटर, सीटॅकच्या (सीटीएसी, कणांना विखुरलेले ठेवणारं साबणासारखं रसायन) द्रावणात. सिलिकॉन वेफरवर (पातळ चकतीवर) थेंब सुकवला की कडेला जाड वलय उरतं, आत सगळा गोंधळ आणि मध्येच षट्कोनी मांडणी. घनांनी तर जागा पूर्ण भरते, मग असं का?

प्रतिसाद १
आधी सेम-चित्रात (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात) कोपरे बघा. कोपरे झिजलेले असतील तर कण गोलासारखा वागतो, आणि गोल षट्कोनी थरातच बसणार (गोलांची कमाल भरण ७४ टक्के). लिगंडच्या (कणाच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूंच्या) थरानेही आकार बोथट होतो, पण तो त्रास १० नॅनोमीटरच्या कणांना जास्त. ५० ला फारसा नाही. दुसरं, कडेच्या लांबीचं प्रमाण विचलन काढा. सरासरी लांबीच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. १० च्या वर गेलं तर मोठ्या जाळीची आशा सोडा.

प्रतिसाद २
वलयाचं कारण वेगळं आहे. थेंबाची कड वेफरला चिकटून राहते आणि तिथून बाष्पीभवन जलद होतं, त्यामुळे आतलं पाणी कणांना घेऊन कडेकडे वाहतं. झाकलेल्या पेट्री डिशमध्ये, शेजारी पाण्याचे थेंब ठेवून, एक-दोन दिवस सावकाश सुकू द्या.

खरी मेख सीटॅकच्या प्रमाणात आहे. साधारण १ मिलिमोलरच्या वर त्याचे मिसेल (रेणूंचे छोटे पुंजके) बनतात. दोन घनांमधल्या अरुंद फटीत मिसेल मावत नाहीत, मग बाहेरचा दाब घनांना एकमेकांकडे ढकलतो. सपाट बाजू समोरासमोर आल्या की हे आकर्षण सर्वांत जास्त, म्हणून चौकोनी मांडणी. प्रमाण फार वाढलं तर घन जसे भेटतील तसे चिकटतात, शिवाय सुकल्यावर सीटॅकचे स्फटिक सगळं झाकून टाकतात. उलट अति धुतलं तर पृष्ठभाग उघडे पडून कण कायमचे जुळतात. सुकताना प्रमाण आपोआप वाढतंच, त्यामुळे १ मिलिमोलरच्या आसपास सुरुवात करा.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. घनांनंतर चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचे कण) घेऊ का?

प्रतिसाद ३
इतक्यात नको. त्याच्या दोन बाजूंमधला कोन ७०.५ अंश. एका कडेभोवती पाच बसवले तरी ७.४ अंशांची फट उरतेच, म्हणून नियमित चतुष्फलकांनी जागा भरत नाही. २००९ मध्ये संगणकी अनुकरणात टणक चतुष्फलकांपासून चक्क बारा-पट सममितीचा क्वासिस्फटिक (नियमबद्ध, पण तीच मांडणी पुन्हा पुन्हा न येणारी रचना) निघाला. आधी अष्टफलक (आठ त्रिकोणी बाजूंचे) घ्या, त्यांची जाळी ९४.७ टक्के भरते. किंवा कोपरे नेमके छाटलेले अष्टफलक, ते अंतःकेंद्रित घनाकार जाळीत (घनाच्या कोपऱ्यांवर आणि मध्यभागी कण) पूर्ण जागा भरतात.