लाडकी बहीणचे पैसे 'उधळले जातात' असं म्हणणाऱ्यांना ग्रामसभेत काय उत्तर द्यावं?

पाणंद :

मराठवाड्यातलं कोरडवाहू गाव. येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडायचा घाट आहे : लाडकी बहीणच्या लाभार्थींनी पैशांचा हिशेब ग्रामपंचायतीला द्यावा, आणि 'चैनीवर' खर्च करणाऱ्या बायकांची नावं तहसीलला कळवावीत. पारावरची बोलणी साधारण अशी आहेत : हप्ता पडला की कापड दुकानात आणि मोबाइल रिचार्जला झुंबड उडते, बाया निंदणीला यायच्या बंद झाल्या, पैसा शेवटी नवऱ्याच्या दारूतच जातो, आणि हीच घरं रेशनचा तांदूळही विकतात.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. खर्चाबद्दल शासन निर्णयात काही अट आहे का? दारू आणि आळस या आरोपांवर कुणी नीट अभ्यास केला आहे का? आणि गावातच पाहणी करायची झाली तर बायकांचा अपमान न होता प्रश्न कसे विचारायचे? भाषण नको, मुद्दे द्या.

---

सेतूखिडकी :

आधी कायद्याचं. २८ जून २०२४ च्या शासन निर्णयात आणि नंतरच्या दुरुस्त्यांत ज्या अटी आहेत त्या सगळ्या पात्रतेच्या आहेत. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट, घरात आयकर भरणारा किंवा कायम सरकारी नोकर नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. खर्चाची अट एकही नाही. उलट उद्देशातच महिलांचं आर्थिक स्वातंत्र्य, आरोग्य-पोषण आणि कुटुंबातली त्यांची निर्णायक भूमिका असं लिहिलेलं आहे. म्हणजे पैसे कशावर घालायचे हे तिनं ठरवणं हाच योजनेचा हेतू आहे. हिशेब मागायचा अधिकार ग्रामसभेला नाही, आणि त्या कारणावरून नाव कमी करायचा अधिकार तहसीललाही नाही. अपात्र माणूस यादीत असेल तर हरकत जरूर घ्या. तो विषय वेगळा.

आता कापड दुकानातली झुंबड. हप्ते कधी पडले ते बघा. २०२४ चे जुलै-ऑगस्टचे मिळून ३००० रुपये १४ ऑगस्टपासून जमा होऊ लागले, राखीपौर्णिमा होती १९ ऑगस्टला. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ३००० ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच, विधानसभेच्या आचारसंहितेआधी आणि दिवाळीच्या तोंडावर आले. २०२५ चे फेब्रुवारी-मार्चचे पैसे महिला दिनाच्या आसपास आले. दोन महिन्यांचे पैसे सणाच्या आधी एकदम हातात दिले तर कापड दुकानात गर्दी होणारच, ती पगारदारांचीही होते. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला १५०० पडले असते तर ते किराण्याच्या उधारीत विरून गेले असते आणि कुणाच्या डोळ्यांत आले नसते.

दुसरं, बाई पैसे एकदम का काढते? बँक तालुक्याला, जाण्यायेण्याचं भाडं लागतं, त्या दिवसाचा रोज बुडतो. गावात बँकमित्र असला तर अंगठ्याच्या मशिनवर ठसा लागेलच असं नाही. कामकरी बायकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यात सर्व्हर बंद. एकदा ठसा लागला की ती सगळेच काढते, पुन्हा खेप नको म्हणून. शिवाय सुरुवातीला कित्येक खात्यांतून किमान शिल्लक नसल्याचा दंड आणि जुनं थकीत कर्ज कापलं गेलं. असं करू नका म्हणून सरकारला बँकांना सांगावं लागलं. ज्या बाईचे हजारभर असे गेले ती खात्यात पैसे ठेवेल कशी?

रिचार्जवरून टोमणे मारणाऱ्यांना एवढंच विचारा की ओटीपी कुठे येतो. सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी सुरू झालं, त्यात बाईच्या आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. सिम बंद पडलं की सगळं अडलं. पुन्हा आधार केंद्र, नंबर बदलण्याचं शुल्क आणि आठवडाभर वाट. तेव्हा सिम चालू ठेवणं हा योजनेत टिकून राहण्याचाच खर्च आहे.

---

निंदणखुरपं :

मजुरीचं गणित ग्रामसभेत फळ्यावर मांडा, तोंडी नको. तुमच्या गावचा निंदणीचा रोज घाला. ३०० धरला तर १५०० म्हणजे महिन्यातले पाच रोज. जी बाई हंगामात वीस-बावीस दिवस जायची ती पाच रोजांच्या पैशासाठी उरलेले पंधरा-सतरा रोज सोडून देईल, असं या आरोपात गृहीत धरलं आहे. तसं होत नाही. फार तर ती दोन दिवस आजारपणात घरी थांबेल, किंवा कमी रोज देणाऱ्याला 'नाही' म्हणेल. दुसरी गोष्ट घडते हे मी मान्य करतो, आणि शेतकऱ्याला ती जाचते हेही खरं. पण त्याला आळस म्हणता येणार नाही.

मजूर मिळत नाहीत हे खोटं नाही, कारणं मात्र दुसरी आहेत. सोयाबीन वाळलं की शेंगा तडकतात, म्हणून सगळ्या गावाला त्याच दहा-बारा दिवसांत कापणी हवी असते. त्याच सुमाराला कापसाची पहिली वेचणी येते, तिचा दर किलोवर असतो आणि हात चालणाऱ्या बाईला ती रोजापेक्षा परवडते. कापणी आता बहुतेक ठिकाणी उक्ती जाते : आठ-दहा बायांची टोळी एकराचा भाव ठरवते. रोजानं बोलावणाऱ्याच्या बांधावर त्या काळात कुणी येत नाही. शिवाय दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, उचल घेतलेली जोडपी गावात थांबूच शकत नाहीत. यातलं काहीही २०२४ मध्ये सुरू झालेलं नाही.

एक काम करा. 'बाया येत नाहीत' म्हणणाऱ्या प्रत्येकाला कोणत्या आठवड्यात, कोणत्या कामाला आणि किती रोज देऊन बोलावलं होतं ते विचारून लिहून घ्या. कागदावर तारखा आल्या की बहुतेक तक्रारी त्याच दहा-बारा दिवसांत येऊन पडतील.

---

हिशेबवही :

अभ्यासांबद्दल. जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतले रोख मदतीवरचे १९ अभ्यास एकत्र तपासले. प्रश्न एकच होता : पैसे मिळाल्यावर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो का? उत्तर आलं, वाढत नाही. काही ठिकाणी थोडा घटतो. आळसाबद्दल २०१७ चा एक अभ्यास आहे, अभिजित बॅनर्जी त्यात होते. सहा विकसनशील देशांतल्या सात सरकारी योजनांचे आकडे पुन्हा तपासले, काम कमी झाल्याचं आढळलं नाही. आणि आपल्या शेजारचं उदाहरण हवं असेल तर मध्य प्रदेशात, इंदूरकडच्या खेड्यांत, 'सेवा' संस्थेनं युनिसेफच्या मदतीनं २०११ च्या सुमारास प्रयोग केला. माणशी महिना २०० रुपये, लहान मुलाला १००, नंतर ३०० आणि १५०. पैसा खाण्यावर, बियाण्या-खतावर, जनावरांवर, मुलांच्या शाळेवर गेला. दारूवरचा खर्च वाढला नाही.

हे अभ्यास लाडकी बहीणचे नाहीत, म्हणून गावातली पाहणी कराच. पण 'ते १५०० कशावर खर्च केले?' हा प्रश्न अजिबात विचारू नका. दोन कारणं. एक, घरात पैसा एकाच डब्यात पडतो. बाईनं हप्त्यातून साडी घेतली आणि मजुरीतून शाळेची वही घेतली, की हप्त्यातून वही आणि मजुरीतून साडी, यानं घराच्या खर्चात काडीचा फरक पडत नाही. दोन, ती शोभेल तेच सांगणार. सगळ्याच 'मुलांचं शिक्षण' म्हणतील आणि तुमचा कागद वाया जाईल.

त्याऐवजी हे विचारा. पैसे काढायला कोण गेलं होतं? एटीएम कार्ड कुणाकडे असतं? गेल्या महिन्यात अंडी, फळं, औषध किती वेळा आणलं? दुकानाची उधारी किती, वर्षापूर्वी किती होती? गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या कर्जाचा हप्ता किती, त्याची तारीख कोणती? या शेवटच्या प्रश्नावर फार काही बाहेर येतं, कारण कित्येक घरांत १५०० रुपये थेट त्या हप्त्यातच जातात. वसुलीचा माणूस ठरल्या दिवशी दारात उभा असतो, आणि एका बाईनं चुकवलं तर गटातल्या बाकीच्यांवर येतं.

सगळ्यात उपयोगी प्रश्न : 'हप्ता लांबला त्या महिन्यात काय अडलं?' पैसा खरोखर कशाला लागतो ते तिथे कळतं. गोळ्या अर्ध्याच आणल्या, गॅसची टाकी भरली नाही, असं नेमकं उत्तर येतं.

विचारायला बाईच हवी, दुसऱ्या वस्तीतली. सरपंचाच्या घरातली नको, आणि जिनं अर्ज भरून दिला ती अंगणवाडी सेविकाही नको. नाव कटेल या भीतीनं कुणी खरं बोलणार नाही. नवरा आणि सासू समोर असताना 'कार्ड कुणाकडे' हा प्रश्न वगळा, नंतर नळावर किंवा शेतात विचारा. कागदावर नाव लिहू नका, घराला क्रमांक द्या. आणि योजना नसलेली काही घरंही घ्या, त्यांना हेच प्रश्न विचारा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आणखी एक. पीएम-किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला १२,००० येतात, बहुतेक पुरुषांच्या खात्यात. त्यांनाही तेच प्रश्न विचारा. ठराव मांडणाऱ्यांपैकी कितीजण हा पैसा घेतात ते ग्रामसभेआधी पाहून ठेवा. ज्या बाईच्या स्वतःच्या नावावर ते १२,००० येतात तिला लाडकी बहीणमधून फक्त ५०० चा फरक मिळतो, हेही लोकांना माहीत नसतं.

---

बारमाही :

वरच्या सगळ्याशी सहमत होऊनही सांगतो, राग करणाऱ्यांना वेड्यात काढू नका. २०२४ मध्ये योजनेचा वार्षिक खर्च ४६ हजार कोटी सांगितला गेला, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटींची तरतूद झाली. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकासाचा पैसा इकडे वळवल्यावर खुद्द मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. निवडणुकीआधी अर्ज न तपासता मंजूर झाले. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनीच सांगितलं की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र दिसल्यानं त्यांचे पैसे थांबवले आहेत. त्यात दोन योजना घेणारे होते, एका घरातले दोनपेक्षा जास्त होते, पुरुषही होते. सरकारी नोकरीतल्या दोन हजारांवर महिलांनी लाभ घेतल्याचं त्याआधीच उघड झालं होतं.

पण हा दोष आत सोडणाऱ्या दाराचा आहे. पात्र बाईच्या पिशवीत साडी आहे की साखर, याच्याशी त्याचा संबंध नाही. ग्रामसभेत ठराव करायचाच असेल तर असा करा : यादी फलकावर लावावी, निकषांनुसार हरकती घ्याव्यात, आणि ज्यांचं नाव चुकून कटलं त्यांचे अर्ज ग्रामसेवकानं पाठपुरावा करून वर पाठवावेत. हा ठराव रागावलेल्यांनाही मान्य होईल.

निकषांवरूनही एक सांगायचं आहे. विधवा-निराधारांना दरमहा मदत देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० आहे. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. ६८ दिवस काम केलं की विधवा बाई मर्यादेच्या वर जाते. मग ती तलाठ्याकडे कमी उत्पन्नाचा दाखला मागते, आणि गाव तिला 'खोटारडी' म्हणतं. मर्यादाच अशी ठेवली आहे की खरं सांगणारी बाद होते.

---

पाणंद :

फार उपयोग झाला. तांदूळ विकण्याचं कुणी सांगेल का? तो आरोप खोटा म्हणता येत नाही, काही घरं विकतातच.

---

सेतूखिडकी :

विकतात, आणि ते बेकायदा आहे, कार्डावर कारवाई होऊ शकते. हे लपवू नका. पण कारण सांगा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला घरटी ३५ किलो, जानेवारी २०२३ पासून मोफत. तुमच्याकडची जेवणं ज्वारीची. पाच माणसांच्या घरात महिन्याला २५ किलो धान्य, त्यात तांदळाचा वाटा मोठा. तेल, डाळ, तिखट यातलं काही नाही. म्हणून घर जास्तीचा तांदूळ देऊन तेल-डाळ आणतं. घर खातं तेच, फक्त दुकानदार किंवा फेरीवाला मध्ये निम्मी किंमत मारून जातो. हा तोटा त्या घराचाच आहे.

बाहेरच्या बाजारात पोत्यांनी जाणारा तांदूळ घराघरातून पाच-पाच किलोंनी आला की दुकानातून थेट वळला, हे तपासायचं असेल तर पावती बघा. ई-पॉस मशिनची पावती प्रत्येकाला मिळायला हवी. पावतीवरचे किलो आणि हातात पडलेले किलो काट्यावर ताडून बघा. माणशी अर्धा किलो कमी दिलं तरी चारशे माणसांच्या दुकानात महिन्याला दोन क्विंटल होतात. रेशन दुकानावर लक्ष ठेवणाऱ्या दक्षता समितीचा विषय म्हणून हे ग्रामसभेत मांडता येतं.

विधवा आणि परित्यक्तांचं तेवढं आधी करून टाका. नवरा आणि वडील दोघंही हयात नाहीत, किंवा घटस्फोट झाला आहे, अशांचं ई-केवायसी दुसऱ्या आधारपाशी अडतं. त्यांनी स्वतःचं ई-केवायसी पूर्ण करून मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाच्या आदेशाची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची, अशी सोय केली गेली होती. कुणाची कागदं राहिली असतील तर सेविकेकडून आणि तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयातून आजची स्थिती विचारून घ्या, पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका. आणि पैसे 'आलेच नाहीत' म्हणणाऱ्यांचं आधी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे ते, बघा. नवं खातं उघडताना आधार तिकडे जोडलं गेलं असेल तर हप्ता त्या विसरलेल्या खात्यात पडून असतो.