पट्टी ताणली जात नाही
विश्व प्रसरण पावतंय म्हटलं की कुणी विचारतं, "सगळंच प्रसरण पावत असेल तर मोजपट्टीही ताणली जाणार, मग कळणार कसं?" हा मुद्दा बिनतोड वाटतो खरा, पण पट्टी ताणली जात नाही. तिच्यातल्या अणूंना विद्युतबलाने धरून ठेवलंय, सूर्यमालेला आणि आकाशगंगेला गुरुत्वाकर्षणाने. अंतर वाढतं ते दीर्घिकांच्या (आकाशगंगेसारख्या तारकाविश्वांच्या) समूहांमधलं, दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला साधारण ७० किलोमीटर. (विश्वाला फुगणाऱ्या फुग्याची आणि दीर्घिकांना त्यावरच्या ठिपक्यांची उपमा देतात, ती इथेच गंडवते, कारण फुग्यावरचे ठिपकेही फुगतात.)

देवयानी दीर्घिका तर उलट आपल्याकडेच येतेय! १९१२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ स्लायफरने तिच्या वर्णपटातल्या (प्रकाशाच्या रंगपट्ट्यातल्या) रेषा निळ्या बाजूला सरकलेल्या टिपल्या, म्हणजे ती जवळ येतेय. वेग निघाला सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर. त्यात सूर्याच्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरण्याचा वाटा मोठा आहे, पण तो वजा केला तरी ११०च्या आसपास उरतातच.