भडंग चमच्याने खा, तारा वाचतील
ऑफिसातून आल्यावर सतारीचा रियाज की स्वयंपाक, आणि शेवटी मॅगीच, असं एका ताईंनी लिहिलंय. आम्ही सांगलीकर, त्यामुळे आमचं उत्तर भडंगच! फक्त ते रविवारी करून ठेवा.

पाव किलो भडंगाचे चुरमुरे आधी मंद आचेवर कोरडेच परता. अर्धी वाटी तेलात शेंगदाणे तळून काढा, मग त्यातच ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता. लसूण तांबूस, खुटखुटीत व्हायलाच हवा. ओलसर राहिला की चुरमुरे सादळलेच म्हणून समजा. हळद-तिखट गॅस बंद करून मगच, नाहीतर करपून घरभर ठसका. हे सगळं चुरमुऱ्यांवर ओतून मीठ, पिठीसाखर, थोडं मेतकूट. पूर्ण गार झाल्यावर डब्यात. कांदा-कोथिंबीर ऐनवेळी.

आणि रियाजाच्या मधे खायचं तर चमच्याने. तेला-मिठाची बोटं लागली की तारा लवकर गंजतात, मिरजेतला कुठलाही सतार करणारा हेच सांगेल.

रात्रीला मुगाच्या डाळीची खिचडी. सतार जुळवायला घेताना कुकर लावायचा. वर कच्चं तेल, शेंगदाण्याची चटणी. शिट्टी सुराला लागत नाही, तेवढं सोसा.