'मातोके'ला मराठीत काय म्हणावं?

पाककृतीवाली : मंडळी, युगांडाचं मातोके (केळ्यांचा पदार्थ) घरी कसं करायचं ते मराठीत लिहायला घेतलंय. इंग्रजी कृतीत 'प्लँटेन' लिहिलंय, त्याला काय म्हणू? 'कच्ची केळी' म्हटलं तर लोक जळगावची हिरवी केळी आणतील. 'राजेळी' चालेल का? आणि 'केळी सोलून, उकडून, कुस्करून घ्या' हे वाक्य बरोबर वाटतं का?

कंपालाकर : ताई, मातोके म्हणजे प्लँटेन नव्हे. इंग्रजी कृतींमध्ये तसं सर्रास छापतात म्हणून आधी हेच सांगते. मातोके ही व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपासच्या उंच मुलखातली केळी. केळ्यांच्या जनुकीय वर्गवारीत शास्त्रज्ञ तिला एएए गटात धरतात, म्हणजे आपल्या बाजारातल्या ग्रँड नैनच्याच गटात. प्लँटेन एएबी गटातली. आपली राजेळी, केरळची नेंद्रन, ही मात्र खरोखरच प्लँटेन आहे. म्हणून 'राजेळी' लिहू नका. राजेळी शिजली तरी घट्ट राहते. मातोके वाफेवर लोण्यासारखं मऊ होतं आणि त्याचा पांढुरका रंग जाऊन पिवळाधमक होतो.

'कच्ची' हा शब्द केळ्याची अवस्था सांगतो, जात सांगत नाही. 'भाजीची केळी' म्हटलं की उपयोग कळतो, आणि युगांडातल्या लुगांडा भाषेतही केळ्यांची विभागणी उपयोगावरूनच आहे. वाफवायची ती मातोके, निखाऱ्यावर भाजायची ती गोंजा, दारूसाठी म्बिद्दे, पिकवून खायची छोटी गोड ती न्दीझी. प्लँटेनला तिथला शब्द हवाच असेल तर तो गोंजा. तेव्हा साहित्यात 'मातोके, न मिळाल्यास भाजीची केळी' असं लिहा. उच्चारात 'तो' लांबवायचा, 'मटोके' नको.

आता तुमची क्रियापदं. 'सोलून' इथे बसत नाही. पिकलं केळं आपण सोलतो. या केळ्याची साल हाताने सुटतच नाही, ती सुरीने तासावी लागते. लुगांडातही हे दोन वेगळे शब्द आहेत : हाताने सोलणं म्हणजे 'ओकुसूसा', सुरीने तासणं म्हणजे 'ओकुवाता'. हाताला आधी तेल लावा, नाहीतर चीक काळा पडून बोटांना चिकटून बसतो. तासलेलं केळं लगेच पाण्यात टाका.

'उकडून'ही नको, 'वाफवून' लिहा. पातेल्याच्या तळाशी केळीच्या पानांचे दांडे आडवे रचतात आणि पाणी त्यांच्या खालीच राहील इतकंच घालतात. पानं मधली शीर काढून, विस्तवावर शेकून मऊ करून घ्यायची. केळी त्यांत गुंडाळून सोपाच्या (केळीच्या खांबाच्या सालीच्या) दोरीने गाठोडं बांधायचं आणि वर आणखी पानं झाकायची. तासभर तरी वाफ हवी. कुकरच्या शिट्ट्यांवर केलं तर केळी शिजतात, पण पानाचा वास उतरत नाही, आणि माझ्या मते त्या वासाशिवाय ते मातोके नव्हे.

'कुस्करून'बद्दल माझा आग्रह आहे. गाठोडं उघडून चमच्याने कुस्करत नाहीत. गरम गाठोडं पानांसकट दोन्ही हातांनी, मध्ये फडकं धरून दाबतात आणि पुन्हा मंद आचेवर ठेवतात. याला मराठीत 'चेपणे' चपखल बसतं. कुस्करलं की गुठळ्या राहतात, चेपलं की एकजीव होतं.

लेस्टरहून : इथे इंग्लंडात, लेस्टरच्या दुकानांत युगांडाहून आलेली मातोके खोक्यांनी मिळतात. १९७२ साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने हाकलल्यावर जी गुजराती कुटुंबं इथे आली, त्यांच्या घरी मातोकेचं शाक होतं : तासून फोडी, मोहरी-जिऱ्याची फोडणी, दाण्याचं कूट. चवीला फार छान, पण त्यात पानही नाही आणि चेपणंही नाही. म्हणून कृतीच्या नावात 'मातोकेची भाजी' आणि 'मातोके' असा फरक राखावा.

मोशीकर : टांझानियातून थोडी भर. किलिमांजारोच्या उतारावरचे चग्गा लोक केळी आणि गोमांस एकत्र शिजवून, घोटून 'म्तोरी' करतात. ते बाळंतिणीला आवर्जून देतात. तिथे मात्र 'घोटणे' हेच क्रियापद बरोबर. एक आणखी गंमत वाटली ती अशी : स्वाहिलीत केळ्यांच्या लोंगराला 'म्कुंगू' आणि फणीला 'चाना' म्हणतात, आणि 'कुचाना' म्हणजे केस विंचरणं!

पाककृतीवाली : कंपालाकर ताई, मनापासून आभार. 'तासून, वाफवून, चेपून' असं बदललं. आता शेवटच्या ओळीत 'शेंगदाण्याच्या सॉससोबत वाढा' असं आहे. 'आमटी' लिहू की 'चटणी'?

कंपालाकर : दोन्ही नकोत. लुगांडात जेवणाचे दोन भाग असतात. 'एम्मेरे' म्हणजे पोट भरणारं मुख्य अन्न, बहुतेक वेळा मातोकेच. आणि 'एन्वा' म्हणजे त्याच्याबरोबर खायचं ते, मग ते मांस असो, पाला असो की दाणे. नुसतं 'अन्न' म्हटलं तरी बागांडा (लुगांडा बोलणाऱ्या) माणसाच्या डोळ्यांसमोर मातोके येतं. आपल्याकडे 'एन्वा'ला तंतोतंत शब्द आहे : कालवण. देशावर कोरड्यास म्हणतात तेही चालेल, पण मला कालवणच बरं वाटतं. भाजलेले दाणे बारीक कुटून, कांदा-टोमॅटोवर पाणी घालून मंद आचेवर तेल सुटेपर्यंत आटवायचं. शेवटची ओळ मी अशी लिहीन : 'गरम मातोके पानावरच काढा आणि बाजूला दाण्याचं कालवण वाढा.'