मदत हवी आहे : गच्चीतल्या ब्रोकोलीचा गड्डा लिंबाएवढाच राहतो

नमस्कार मंडळी,

कोथरूडला आमच्या गच्चीत मेथी, वांगी, टोमॅटो वर्षानुवर्षं छान येतात. ब्रोकोलीने मात्र मागच्या हिवाळ्यात फार निराशा केली. दसऱ्याच्या सुमारास एका रोपवाटिकेतून रोपं आणली. ट्रेमध्येच ती लांबोडी झाली होती, खालची पानं पिवळट. दहा इंची कुंड्यांत लावली, पानं आली, पण नोव्हेंबरमध्येच इवलासा गड्डा धरला आणि मोठा व्हायच्या आतच पिवळी फुलं उमलली. उरलेल्या रोपांची पानं बारीक हिरव्या अळ्यांनी खाल्ली.

यंदा बियांपासून सुरुवात करायची आहे. गणपती झाले की बी टाकू का? कुंडी केवढी हवी? आणि घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे विषारी औषध मारायचं नाही. मुलांना ही भाजी मनापासून आवडते, म्हणून फार वाटतंय की या वेळी जमावं.

प्रतिसाद १

ताई, वर्णनावरून ही रोपं जून झालेली वाटतात. ट्रेमध्ये मुळं कोंडली की रोपाची वाढ खुंटते, मग पानं पुरेशी नसतानाच ते गड्डा धरतं. त्यात पुण्याचं ऑक्टोबरचं ऊन. गड्डा भरायला १५ ते २० अंश तापमान सगळ्यात मानवतं, उकाडा असला की कळ्या लगेच सुटतात. त्यामुळे गणपतीनंतर बी टाकाच. चार-पाच आठवड्यांत चार-पाच पानं आली की लगेच रोप हलवा, थांबू नका. पुढे साधारण ६० ते ८० दिवस लागतात, म्हणजे गड्डा नेमका डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत भरेल. बियांत 'पुसा केटीएस-१' मिळालं तर बघा.

कुंडी किमान १४-१५ इंची आणि एका कुंडीत एकच रोप. इथे काटकसर नको, ब्रोकोली खादाड आहे. मातीत कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला, दर पंधरा दिवसांनी गांडूळखत द्या. पाण्यात खंड पडू देऊ नका, पण पाणी साचूही नये.

प्रतिसाद २

अळीबद्दल लिहितो. ती बहुधा चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची असणार, कोबीवर पडते तीच. रोज सकाळी पानं उलटून बघा, अंडी-अळ्या हाताने काढा. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. सगळ्यात खात्रीचं म्हणजे लावल्या दिवसापासून बारीक जाळी टाकणं. ब्रोकोलीला परागीभवन लागत नाही, त्यामुळे जाळीने काही अडत नाही. शेजारच्या कुंडीत मोहरी पेरा, पतंग तिच्याकडे जास्त जातात. तिच्यावर अळ्या दिसल्या की मोहरी उपटून टाका.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही खूप आभार! जाळी आजच आणते. एकच राहिलं, गड्डा काढायचा कधी?

प्रतिसाद १

कळ्या घट्ट आणि गडद हिरव्या असतानाच, सकाळी. कुठे पिवळी झाक दिसली तर त्याच दिवशी काढा, आकाराची वाट पाहू नका. चार-पाच इंच देठासकट तिरका कापा आणि झाड उपटू नका. खत-पाणी चालू ठेवलंत तर बगलेतून फुटवे येतात, त्यांचे छोटे गड्डे थंडी असेपर्यंत मिळत राहतील.