रोकड जुळत नसेल तर पदरचे पैसे घालावेत का?

धागाकर्ता:
अनुदानित शाळांच्या कार्यालयांत एक सवय हमखास आढळते. संध्याकाळी पेटीतील रोकड कीर्दीतील (रोजच्या जमा-खर्चाच्या वहीतील) शिलकेपेक्षा वीस-तीस रुपयांनी कमी भरली, तर लिपिक खिशातून भर घालतो. जास्त भरली, तर पुढच्या तुटीची सोय म्हणून ती रक्कम पाकिटात घालून खणात ठेवतो. हा वरकरणी प्रामाणिकपणा मला घातक वाटतो, कारण तुटीवरूनच चुकीचा माग लागतो. फरकाला 9 ने भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा. 158 रुपयांची पावती कीर्दीत 185 अशी चढली, तर रोकड 27 रुपयांनी कमी दिसते. प्रत्यक्षात ती कमी नसतेच. अशा वेळी लिपिकाचे 27 रुपये नाहक जातात आणि शाळेच्या जमेत तेवढाच खोटा आकडा कायमचा राहतो. म्हणून पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती (शाळेकडे राहणाऱ्या नकला) पडताळाव्यात, आणि तरीही उलगडा झाला नाही, तर फरक त्याच दिवशी नोंदवून मुख्याध्यापकांची सही घ्यावी.

शाळा लिपिक:
जूनमध्ये खिडकीपुढे पालकांची रांग, हाताखाली दाखल्यांचे अर्ज, शालार्थ या सरकारी पगार-प्रणालीवर वेतन देयक, त्यातच यू-डायसची (शाळांच्या सरकारी माहितीसंचाची) माहिती ‘आजच्या आज’ हवी, आणि माणूस एकच. वीस रुपयांची नोंद केली, तर लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघणार आणि त्याचे अनुपालन (लेखी उत्तर) मलाच लिहावे लागणार. खिशातून घातले, तर कुणी विचारतही नाही. नोंद करणाऱ्यालाच भुर्दंड बसत असेल, तर शिस्तीचे पाठ लिपिकाला कशाला?

निवृत्त लेखापाल:
आक्षेपाच्या भीतीने नोंद टाळणे मला मान्य नाही, पण 9 च्या कसोटीवरही फार विसंबू नये. सुट्ट्या पैशांच्या घोळाला ती लागू पडत नाही. खरी डोकेदुखी आता रोकडीची उरलेलीच नाही. क्यूआर कोडवरून पालक पैसे भरतात, विद्यार्थ्याचे नाव लिहीत नाहीत, आणि अशा बेवारस जमा 31 मार्चपर्यंत बँक ताळमेळ पत्रकात (बँकेचे खाते आणि कीर्द यांतील फरकांच्या यादीत) साचत जातात.

धागाकर्ता:
आक्षेपाचा मुद्दा रास्त आहे. किरकोळ फरकाची मर्यादा संस्थेने ठराव करून ठरवावी आणि त्याखालील नोंदीसाठी लिपिकाकडे खुलासा मागू नये, एवढी भर मी माझ्या मूळ सूचनेत घालतो. खणातले पाकीट मात्र कोणत्याही मर्यादेत बसत नाही. तो शाळेचा बेहिशेबी पैसा आहे.

शाळा लिपिक:
असा ठराव झाला, तर पाकीट त्याच दिवशी जमेला धरीन.